दारातला पोयटा

अंगणवाडीच्या दारातला पोयटा जेसीबीनं खरडला तवा मी आत पोरांची खिचडी ढवळत हुतो. आवाज आला, वाटलं रस्त्याचं काम काढलं असंल. डाव हातात तसाच धरून भाईर आलो, तर आमची माती ट्रॉलीत पडाय लागलेली आन् पोरं भिंतीला टेकून गप उभी. रूपालीबाई, म्हंजे आमच्या सेविका, जेसीबीवाल्याला हात करून थांब थांब म्हणत हुत्या. तो कुठला थांबतोय. मेंबरनी सांगितलंय, म्हणाला, आन् बकेट पुन्हा खाली सोडली.

मी झुंबर. बाईमाणूस, पर आमच्याकडं बायाबी ‘आलो, गेलो’च म्हणत्यात. ह्या अंगणवाडीत मदतनीस हाय. झाडायचं, पाणी भरायचं, खिचडी शिजवायची, घराघरातनं पोरं गोळा करून आणायची, कुणाला शी झाली तर धुवायचं, हे माझं काम. गाव आमचं गडमुडशिंगीच्या पलीकडं हाय. नाव सांगत न्हाय, कारण सगळीकडं ह्येच चाललंय.

पोयटा म्हंजे पंचगंगेच्या काठची मऊ माती. पूर वसरला की मागं राहते ती. खडा म्हणून घावायचा न्हाय. रूपालीबाई टरेनिंगला जाऊन आल्या आन् त्यांनी पोरांच्या बापांस्नी गोळा करून सांगितलं, की अक्षरं नंतर, आधी पोरांची बोटं तयार व्हायला पायजेत. मळू दे, थापू दे, चाचपू दे. मग बापांनीच काठावरनं पोयटा आणला. माझा ल्योक कृष्णात फौंड्रीतली सुट्टी मोडून खोरं मारत हुता. दाराशेजारी विटा लावून वाफा केला आन् त्यात माती भरली. आत खोलीत परातीत जोंधळं, पोत्याचा तुकडा, चिंचोकं, कोंबडीची पिसं. पोरं डोळं झाकून हात घालायची आन् काय लागलं ते सांगायची. ज्याला घरात बोलायला येत न्हाय असं वाटायचं ते पोरगंबी ‘गार, गार’ म्हणून वरडायचं.

गावातल्या बाया हसल्याच. मातीत खेळायला अंगणवाडी कशाला, म्हणायच्या, आमच्या दारात काय माती कमी हाय? रूपालीबाई त्यास्नी म्हणायच्या, दारात माती हाय खरी, पर तिथं तुमी पाठीत धपाटा घालता. ते मात्र खरं हुतं.

माझी नात तेजस्वी त्याच अंगणवाडीत. तेजू म्हणतो आमी. बाळंतपणात तिचा खांदा अडकला, वढून काढताना शीर ताणली, आन् उजवा हात लुळा राहिला. आता वर उचलतीय थोडा, पर बोटं मिटत न्हाईत धड, आन् मिटली तर उघडत न्हाईत. कोल्हापुरातला डॉक्टर म्हणाला, व्यायाम घ्या आन् पोरगीला काहीतरी दाबायला द्या, कणीक, माती, जे ती खुशीनं करंल ते. कणीक दिली तर फेकून द्यायची. बघल तवा तो हात मांडीखाली.

पर वाफ्यात बसली की इसरायची. दुसऱ्या पोरांच्या मधी कोपरापर्यंत चिखलात गेली की कुठला हात चांगला आन् कुठला वाईट, तिचं तिलाच कळायचं न्हाय. बेंदराच्या महिनाभर आधीच पोरांनी मातीचं बैल करायला घेतलं. आमच्याकडं बेंदराला मातीचा बैल पुजायचाच, दावणीला बैल असू दे नायतर नसू दे. रूपालीबाईंनी पोरास्नी गोळं करून दिलं. तेजूनं डाव्या हातानं धड केलं, पाय लावलं, आन् मग उजव्या हाताच्या अंगठ्यानं आन् बोटानं माती चिमटीत धरून शिंग वढलं. चिमूट जुळली, आईच्यान. जल्मापासनं जुळली नव्हती ती. मी तिथंच पातेलं खाली ठेवून रडलो. रूपालीबाईबी रडल्या. पोरं म्हणाली, मावशी भाजली.

आन् त्याच आठवड्यात जेसीबी आला.

ट्रॉली कुठं गेली ते समद्या गावानं बघितलं. पंचायतीच्या बाळासो मेंबरच्या नव्या बंगल्यापुढं बागेचं काम चाललंतं, तिथं. गावात असंच असतंय, बघायचं सगळ्यांनी आन् बोलायचं कुणी न्हाय.

मला काय राहवलं न्हाय. सांजंला दूध घालाय डेअरीवर गेलो तर मेंबर तिथंच कट्ट्यावर बसलेला. मी किटली खाली ठेवली आन् इचारलं, पोरांची माती का नेली म्हणून. तो आधी हसला. मग सांगाय लागला, की अंगणवाडी नमुनेदार करायचीय, दारात ब्लॉक बसवायचं हायत, वरनं मोठी माणसं बघाय येणार हायत, त्यास्नी काय चिखल दाखवायचा काय? खेळण्याची तर नवी पेटी येणार हाय, एकदम शहरातल्यासारखी. मी म्हणलं, पेटी येऊ दे की, पर मातीनं तुमचं काय घोडं मारलंतं? तशी त्याचा आवाज फिरला.

“आक्का, तुमास्नी झाडलोटीला ठेवलंय. पोरांचं काय करायचं ते शिकलेली माणसं बघतील.”

कट्ट्यावरची माणसं हसली. त्यात ज्यांची पोरं मी धुतल्यात तीबी हुती. अंगाचा नुस्ता तिळपापड झाला. किटली उचलली आन् घरला आलो. दूध घालायचंच राहिलं.

घरात येऊन सांगितलं तर कृष्णातनं तोंड खाली घातलं. तो शिरोली एमआयडीसीत मोल्डिंगला हाय. दिवसभर साच्यात काळी वाळू ठोकायची, सांजंला येऊन दगडानं हात घासायचं, तरी नखातली वाळू निघत न्हाय. ज्या ठेकेदारानं त्याला तिथं चिकटवला तो मेंबरचा पावणा. म्हणाला, आई, तू गप बस, हातातलं काम जाईल. मी म्हणलं, माती तूच आणलीतीस की रं. त्यावर तो उठून वैरण टाकाय गेला.

मग सुनेनं तोंड उघडलं. संयोगिता माझी सून, म्हायेर मंगळवार पेठेतलं. कामाला वाघ हाय. पहाटं उठून धारा काढती, शेण भरती, दुपारनं शिलाई मशीन चालवती. ती भाकरी थापता थापता खालच्या मानंनं म्हणाली, ब्लॉक घाला म्हणून मेंबरकडं आमीच गेलतो. ती आन् आणखी चारदोन पोरांच्या आया. कापडं खराब व्हतात म्हणून सांगितलं.

टाळकंच सरकलं माझं. काय काय बोललो ते आता सांगत न्हाय. कापडं कोण धुतंय ह्या घरात, म्हणलं, मीच धुतोय की न्हाय? पोरगीचा हात वळाय लागला आन् तुला झबल्याची पडलीय? ती भाकरी परतत राहिली. मग तव्यावर भाकरी जळाय लागली तरी काढंना. मग सांगाय लागली. म्हायेरी भावकीत लग्नाला गेलती तवा एका बाईनं पाहुण्यांच्या पुढं तेजूचा हात धरून वर केलता आन् ‘ह्या पोरीला कोण करून घेणार’ म्हणलंतं. तवापासनं संयोगिता पोरीला लांब बाह्यांचं झबलं घालायची. वाफ्यात बाह्या वर सारायला लागायच्या, रस्त्यानं जाणारा येणारा बघायचा. तिला कापडांचं न्हाय, हाताचं झोंबत हुतं. हे सगळं ती न रडता, खाली बघून सांगत हुती. मला तिची दया आली, पर राग काय गेला न्हाय.

ब्लॉक बसलं. लाल, पिवळं, नागमोडी. खाली दगडाची बारीक कच टाकली आन् वरनं मशिनीनं ठोकून काढलं. औंदा पाऊस दडी मारून बसलाता, त्यात ते ब्लॉक असं तापायचं की पोरं पाय उचलून नाचायची. मी सकाळनं त्यावर पाणी मारायचो. तेजू फटीतली कच डाव्या हाताच्या नखानं उकरत बसायची. उजवा हात पुन्हा मांडीखाली गेला.

मी एक दिवस पदरात बांधून शेतातली माती घरला आणली. परसात भिजवून तिच्या पुढं ठेवली. तिनं बघितलं आन् इचारलं, “पोरं कुठं हायत?” एकटीनं हात लावला न्हाय. म्हाताऱ्या आजीबरोबर मातीत बसण्यात तिला काय गंमत. मला तिची बोटं चोळताना कळायचं, ती परत आखडाय लागलीती. संयोगितालाबी कळत असणार, झबल्यात हात घालताना तीच तर बोटं सोडवायची.

मग पेटी आली. मेंबर तिला सेन्सरी किट म्हणायचा, म्हणताना मान वाकडी करायचा. रंगीत वाळूच्या पिशव्या, रबरी गोळं, मऊ खरखरीत कापडाचं ठोकळं, सगळं चकचकीत प्लास्टिकात बंद केलेलं. वस्तू चांगली हुती, मी वाईट म्हणत न्हाय. रूपालीबाईंचा तर हरिक मावंना, लगेच कातरी घेतली. मेंबरनं हात धरला. पाहुणं येऊन बघीपर्यंत प्लास्टिक काढायचं न्हाय, म्हणाला, नव्यासारखं दिसाय पायजे.

आता गं बया. आमच्या गावात नव्या टीव्हीचं प्लास्टिक वरीसभर निघत न्हाय, गाडीच्या सीटचं फाटून लोंबंपर्यंत निघत न्हाय, ते मला ठाऊक हाय. माझ्याच घरातल्या खुर्च्यांवर हाय की. पर चाचपायची वस्तू प्लास्टिकात ठेवून पोरास्नी द्यायची, हे कुठल्या डोक्यातनं निघतंय? पोरं पिशवीवरनं बोट फिरवायची. आतली वाळू हालायची, हाताला लागायचं प्लास्टिक. रूपालीबाई विचारायच्या, कसं लागतंय? सगळी एका सुरात सांगायची, गुळगुळीत. वाळू गुळगुळीत, कापड गुळगुळीत, ठोकळा गुळगुळीत. रूपालीबाई बिचाऱ्या दोनदा पंचायतीत जाऊन आल्या. भेट होऊ द्या, मग बघू, एवढंच उत्तर. त्यानंतर मेंबरनं पेटीला कुलूप लावलं आन् किल्ली स्वताच्या खिशात.

बेंदूर आला. पोरांच्या घरात बाजारचं रंगवलेलं बैल आलं. आमीबी आणला. तेजूनं त्याचं शिंग बोटानं दाबून बघितलं. दबलं न्हाय म्हणून तिनं तो कोनाड्यात सरकवला आन् निवदाच्या पोळीकडंबी बघितलं न्हाय.

भेट ठरली त्या दिवशी सकाळपासनं नुस्ती धावपळ. दारात रांगोळी, वर फुगं, खुर्च्यांना पांढरी कापडं. पोरांच्या आया ठेवणीतल्या साड्या नेसून आलेल्या. संयोगिता तिच्या लग्नातली हिरवी साडी नेसून, तेजूला लांब बाह्यांचं नवं झबलं घालून घेऊन आली. कृष्णात पहिल्या पाळीला गेलता. कोल्हापुरातनं आमच्या खात्यातल्या एक मॅडम आल्या, त्यांच्या संगट दोन साहेब. मेंबरनं कुलूप काढलं आन् पेटी ब्लॉकवर मांडलेल्या टेबलावर ठेवली. मग एकदाचं प्लास्टिक फाडलं. निळी वाळू मोठ्या ट्रेमधी वतली.

पोरांस्नी कुणी सांगायला लागलंच न्हाय. तेजू सगळ्यांच्या पुढं हुती. तिनं डाव्या हातानं उजवी बाही वर सारली आन् तो हात सरळ वाळूत घातला. मी आडबाजूला पाण्याची घागर घेऊन उभी हुतो. तिची बोटं वाळूत रुतताना मला दिसली. गुंडू नावाचं एक पोरगं तिच्या हातावर वाळू वतत हुतं आन् ती खुदूखुदू हसत हुती. किती दिवसांनी हसली.

मेंबरचा पुतण्या मोबाईल घेऊन फोटो काढाय सरसावला. मेंबर त्याच्या खांद्यावरनं बघत हुता. आन् मग तो सगळ्यांस्नी ऐकू जाईल असं म्हणाला,

“ह्या पोरीला मागं घ्या. हात वाकडा येतोय फोटोत.”

पुतण्यानं तेजूचं दंड धरून तिला मागं केलं. सहज केलं, खुर्ची सरकवतात तसं. तिच्या जागी दुसरं गोरंगोमटं पोरगं उभं केलं. मॅडम त्या येळंला साहेबाशी बोलत हुत्या, त्यास्नी काय कळलं न्हाय. तेजू रडली न्हाय. तिनं बाही खाली वढली आन् हात झबल्याच्या मागं नेला. ते बघून माझ्या डोक्यात तिडीक गेली. हातातली घागर त्याच्या डोक्यात घालावी असं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पर माझ्या आधी संयोगिता हालली. बायांच्या घोळक्यातनं ती पुढं आली. मला वाटलं पोरीला घेऊन घरला चालली. तिनं पोरीला उचलून रूपालीबाईंच्या कडंवर दिलं आन् माझ्याजवळ आली. डोळं कोरडं, तोंड पांढरंफटक.

“आत्ती, घमेली कुठं हायत?” म्हणाली.

मी मागनं घमेली काढली. कशाला, म्हणून इचारलं न्हाय. मेंबरचा बंगला गल्लीच्या टोकालाच. आमी दोघी सासू-सुना भर उन्हात, ती हिरव्या साडीत आन् मी गुडघं चोळत, तिथवर गेलो. फाटक उघडंच हुतं. बागेत आमचा पोयटा पसरलेला, त्यात जास्वंदीची रोपं लावलेली, आन् एका बाजूला अजून तसाच ढीग, बागेच्या पाण्यानं भिजलेला. माळ्याचं खोरं ढिगातच रोवलेलं हुतं. संयोगितानं पदर कमरंला खोचला आन् खोरं घेतलं.

मेंबरची बायको क्रांती पडवीत आली. वैनी, काय करताय, म्हणाली, माळी न्हाय आज. संयोगिता भरायची थांबली न्हाय.

“आमच्या पोरांची माती नेतोय. तुमच्या रोपास्नी हात लावत न्हाय.”

क्रांती दोन पायऱ्या उतरली आन् तिथंच थांबली. तिला ठाऊक हुतं माती कुठली ते. तिनं फाटक लावून घेतलं न्हाय, एवढं मी तिच्या बाजूनं सांगतो.

घमेली डोक्यावर घेतली. ओली माती लई जड. माझी मान कलंडाय लागली, संयोगिता पुढनं म्हणाली, दमानं या आत्ती. गल्लीतली माणसं दारात आली. बघत हुती. बघू देत म्हणलं, त्यांस्नी तेवढंच येतंय.

दारात आलो तवा मॅडमच्या हातात चहाचा कप हुता. मेंबर ब्लॉकची माहिती सांगत हुता. संयोगिता रांगोळीवरनं चालत गेली आन् त्याच्या पायापुढं घमेलं उलटं केलं. माझंबी त्याच्यावर. लाल पिवळ्या ब्लॉकवर काळा ढीग पडला, मेंबरच्या पांढऱ्या पॅंटीवर शिंतोडं उडालं. तो वरडाय लागला. काय चाललंय, कुणी सांगितलं, मी एकेकीला बघून घेतो, असलं सगळं. संयोगितानं पिंपातनं तांब्या बुडवून पाणी आणलं, मातीवर वतलं, आन् लग्नातली साडी तशीच घेऊन खाली मांडी घातली. रूपालीबाईंनी तेजूला खाली सोडलं. संयोगितानं पोरीची उजवी बाही खांद्यापर्यंत वर दुमडली. पार खांद्यापर्यंत. आन् तो हात स्वताच्या हातात धरून चिखलात दाबला.

मग तिनं मेंबरच्या पुतण्याकडं मान वर केली.

“आता काढ फोटो. हात वाकडा येतोय, येऊ दे. सगळ्यांस्नी दिसू दे.”

पुतण्यानं मोबाईल खिशात घातला. गुंडू आला आन् तेजूजवळ बसला, मग बाकीची पोरं. निळ्या वाळूपाशी फोटोला उभं केलेलं ते गोरं पोरगंबी आलं. आयांनी कुणी पोराला मागं वढलं न्हाय. मॅडमनी कप ठेवला आन् रूपालीबाईंस्नी बाजूला घेऊन काय झालं ते इचारलं. रूपालीबाईंनी सगळं सांगितलं, जेसीबीपासनं कुलपापर्यंत. मॅडम मेंबरकडं बघून एवढंच म्हणाल्या, की माती जिथनं नेली तिथं परत टाका. मेंबर व्हय मॅडम, व्हय मॅडम म्हणाला. त्या गाडीत बसून गेल्या आन् मेंबर इकडं वळून म्हणाला, आता बघतोच.

त्यानं बघितलंच. दुसऱ्या दिवशी कृष्णात पाळीवर गेला आन् ऊन चढायच्या आधीच माघारी आला. ठेकेदारानं गेटावरच सांगितलंतं, काही दिवस येऊ नको, मग सांगतो. मला काढायचंबी पंचायतीत चाललंय म्हणून बाया सांगून गेल्या. संयोगिता मशीनवर बसलीती, तिचा पाय थांबला. मला वाटलं आता हा आमच्या दोघींवर खेकसणार, आन् खेकसला असता तर त्याचं चुकलं नसतं.

त्यानं डबा ठेवला. हात धुतलं. तेजू उंबऱ्यात बसलीती, तिचा उजवा हात त्यानं हातात घेतला आन् बोटं एकेक करून उघडून बघितली. नखात पोयटा हुता, काल कितीबी धुतलं तरी निघाला नव्हता. त्याच्या नखात काळी वाळू आन् तिच्या नखात पोयटा. मग बायकोला इचारलं,

“तिथं मेंबरकडं अजून किती राहिलाय?”

“बराच हाय,” संयोगिता म्हणाली.

तो उठला. खोरं घेतलं आन् शेजारच्या आकारामला बैलगाडी मागाय गेला.